एकविसावी ओवी

ज्वारीची काढणी सुरू झाली की मी शिकवते त्या शाळेसमोरच्या रस्त्यावरून कडब्यानं लादलेल्या ट्रॉल्या जायला लागतात. दोन्ही बाजूंना पेंढ्या इतक्या बाहेर आलेल्या असतात की मागच्या एसटीला पुढचं काही दिसत नाही. रस्त्याकडेच्या बाभळींना ज्वारीची पानं अडकून राहतात. वर्गात चाचणी चालू असते, मुलं माना खाली घालून लिहीत असतात, आणि खिडकीतून तो वास आत येतो. कोरडा, गोडसर, उन्हात तापलेल्या पाल्याचा. इतरांना तो सुगीचा वाटत असेल. मी उठून खिडकी लावून घेते. अकरा वर्षं झाली, तरी.

आम्ही ख्रिस्ती. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आमच्याकडं उपवासकाळ पाळतात, आणि आमच्या भागात तो नेमका ज्वारीच्या काढणीत येतो. गावाच्या घराघरांत नवं धान्य येत असतं तेव्हा आमची चूल दिवसभर थंड असायची. लहानपणी मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. बाहेर शेतात बाया कणसं मोडत असायच्या, अंगाला ज्वारीची कूस लागून खाजत असायचं, आणि संध्याकाळी दिवा लागल्यावर जी पहिली भाकरी मिळायची तिच्यासारखी भाकरी मी पुन्हा कधी खाल्ली नाही. भूक सुद्धा सणासारखी वाटायची, कारण ती घरातल्या सगळ्यांना मिळून लागलेली असायची.

आमचं गाव धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीच्या पुढं, बालाघाटाच्या उतारावर. गावाच्या कडेला आमची पंधरा घरं आणि एक पत्र्याचं देऊळ. प्रार्थनेच्या जागेला आम्ही देऊळच म्हणतो. माझे वडील, अण्णा, त्या देवळाचे उपदेशक. आठवडाभर वाशीच्या बाजारात शिलाई मशीनवर शाळेचे गणवेश शिवायचे आणि रविवारी पांढरा सदरा घालून पवित्र शास्त्र उघडायचे. पगार वगैरे नव्हता. शाळा सातवीपर्यंतच झालेली, पण शास्त्र त्यांनी इतक्या वेळा वाचलं होतं की कुठल्या पानावर उजवीकडं कुठली ओळ आहे ते डोळे मिटून सांगायचे.

अण्णांचा सगळ्यात आवडता विषय एकच. देव आपलं वचन राखतो. त्यावर बोलायला लागले की त्यांचा आवाज खाली यायचा, गुपित सांगितल्यासारखा. "किती राजे आले बगा. कुणी जाळलं, कुणी गाडलं. लिवणारे मेले, वाचणारे मेले. चामड्यावर लिवलेलं किड्यानं खाल्लं. पर वचन? त्यातला एक काना हलला न्हाय, एक मात्रा गळली न्हाय. कसं काय? तर राखणारा वर बसलाय." मग ते पुस्तक दोन्ही हातांनी वर धरायचे. शिवण उसवली तेव्हा त्यांनी ते स्वतःच्या सुईदोऱ्यानं शिवलेलं होतं, गणवेशाच्या खाकी दोऱ्यानं. देवळातल्या बाया 'आमेन' म्हणायच्या.

या विश्वासाचं मूळ कुठं आहे ते मला खूप उशिरा कळलं. अण्णांच्या आजोबांना गावानं अक्षराजवळ येऊ दिलं नव्हतं. त्यांच्या नावावर जमीन नव्हती, कुठल्या कागदावर त्यांचं नाव नव्हतं, त्यांच्या आईबापांची थडगीही कुठं आहेत ते कुणाला माहीत नव्हतं. आमच्या माणसांचं काहीच कुणी राखलं नव्हतं. आणि मग त्यांच्या हातात एक पुस्तक आलं, आणि कुणीतरी सांगितलं की यातलं एक अक्षरही देव वाया जाऊ देत नाही. आमच्या घरात आलेलं पहिलं अक्षर ते. ज्यांचं सगळं पुसलं गेलंय त्यांना न पुसलं जाणारं काही मिळालं, तर ते त्याला किती घट्ट धरतील? अण्णांनी तसं धरलं होतं. म्हणून आजही मला त्यांच्यावर नुसतं रागावता येत नाही.

करुणा माझी धाकटी बहीण. ती तेव्हा नववीत होती. सावळी, काटक, हसताना तोंडावर हात ठेवणारी. हात ठेवायची, कारण तिच्या हिरड्या सुजलेल्या होत्या. बाराव्या वर्षी तिला फिट यायला लागल्या होत्या. गावात त्याला फेफरं म्हणतात, आणि फेफऱ्याच्या पोरीकडं कसं बघतात ते सांगायला नको. अण्णांनी तिला उस्मानाबादला नेलं होतं, तेव्हा धाराशिवला उस्मानाबादच म्हणायचे. तिथल्या डॉक्टरांनी रोज सकाळ-संध्याकाळ एक गोळी लिहून दिली आणि दोन गोष्टी बजावल्या. गोळी एक दिवसही चुकवायची नाही. आणि उपाशीपोटी घ्यायची नाही.

गोळ्यांनी फिट थांबल्या. पण हिरड्या सुजल्या, वर्गात झोप यायला लागली, मुली चिडवायला लागल्या. करुणा गोळी गिळताना रोज तोंड वाकडं करायची. तरी दोन वर्षं नेमानं घेतली.

मग त्या वर्षी माघ महिन्यात, रविवारच्या उपासनेत, अण्णा वाचत असताना, गोळ्या चालू असूनही, ती कोसळली. मी त्या दिवशी घरी होते. मी उस्मानाबादला डी.एड. करत होते, वसतिगृहात राहत होते, शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं गावी यायचे. करुणा सतरंजीवर पडली, हातपाय ताठ झाले, तोंडातून फेस आला. बायांनी पोरांना बाहेर नेलं. आईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. अण्णा पुढं उभे होते, हातात शास्त्र उघडं. मी त्यांच्याकडं पाहिलं. इतका लाजलेला माणूस मी पाहिलेला नाही. देवाच्या घरात, देवाचं वाचताना, त्यांच्याच लेकीला.

त्या दुपारी त्यांनी मला जवळ बसवलं आणि शुभवर्तमानातला एक भाग काढून दिला. तिथं एक बाप आपल्या मुलाला घेऊन प्रभूकडं येतो. मुलाला झटके येतात. शिष्यांना तो बरा करता येत नाही, प्रभू करतो. मग शिष्य विचारतात, आम्हाला का जमलं नाही?

"ही आपली करुणाच हाय बग," अण्णा म्हणाले. "ते पोरगं बी कदी इस्तवात पडतंय, कदी पाण्यात. आता खालची वाच. एकविसावी ओवी."

मी वाचली. शास्त्रातल्या आकडा घातलेल्या प्रत्येक वाक्याला आम्ही ओवी म्हणतो. असल्या जातीचं दुखणं प्रार्थना आणि उपास यांच्याशिवाय निघत नाही, अशा अर्थाची ती ओळ होती.

"प्रार्थना आपुन केली," अण्णा म्हणाले. "हिच्यासाटी म्हणून उपास धरला न्हाय. तितं ऱ्हायलं बग."

करुणा कोपऱ्यात पडून ऐकत होती. झोपाळलेल्या आवाजात तिनं विचारलं, "मग गोळ्यांचं काय अण्णा?"

"गोळीला म्या न्हाय म्हणत न्हाय माय. डॉक्टर बी देवाचाच."

हे मी मुद्दाम सांगते. अण्णांनी गोळ्या बंद केल्या नाहीत. कुणीच केल्या नाहीत. राखेच्या बुधवारी, उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, घरातल्या सगळ्यांनी चाळीस दिवसांचा उपास धरला. दिवसभर फक्त पाणी, दिवेलागणीला एक जेवण. गोळ्या लागल्यापासून करुणाला उपासातून सूट होती, पण त्या वर्षी तिनंही हट्टानं धरला, माझ्यासाठीच आहे तर मी कशी खाऊ म्हणाली. आणि सकाळी पोटात काही नसायचं, उपाशीपोटी गोळी घ्यायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं, म्हणून सकाळची गोळी राहायला लागली. इतकं साधं. दोन आज्ञा होत्या, एक शास्त्राची, एक डॉक्टरांची, दोन्ही पाळायला गेलो आणि मधल्या मधे एक गोळी पडली. "संध्याकाळची घेते ना," करुणा म्हणायची. ती सुटल्यासारखी दिसायची. झोप कमी झाली होती. गणितं सोडवायला लागली होती.

आई तेव्हा एका खव्याच्या भट्टीवर कामाला जायची. आमच्या भागात खव्याच्या भट्ट्या पुष्कळ. दिवसभर मोठ्या कढईखाली लाकडं सारायची, आटत आलेलं दूध करपू द्यायचं नाही. परत यायची तेव्हा तिच्या लुगड्याला, केसांना, हाताच्या रेषांना खव्याचा वास असायचा. उपाशी घरात तो वास शिरला की जीव कासावीस व्हायचा. करुणा धावत जाऊन तिच्या पदरात तोंड खुपसायची.

"नुसता वास घेतला तर उपास मोडत न्हाय ना गं?"

आई तिच्या डोक्यावरून हात फिरवायची. एकदा मला चुलीपाशी एकटं गाठून म्हणाली, "पोरगी लई वाळली. तू शिकलेली हाईस. बोल की तुज्या बापाशी."

मी बोलले नाही.

मी शनिवारी यायचे तेव्हा फळीवरचं गोळ्यांचं पाकीट दिसायचं. ते जितकं रिकामं व्हायला हवं तितकं झालेलं नसायचं. मला कळत होतं. मानसशास्त्राच्या पुस्तकात मिरगीवर अख्खं पान होतं, मी ते परीक्षेसाठी पाठ केलं होतं. पण फिट येत नव्हती. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. आणि खरं सांगायचं तर माझाही विश्वास होता. मलाही वाटत होतं, होईल. आपल्या घरात होईल. पंधरा घरांच्या वस्तीत, पत्र्याच्या देवळात, देव एकदा तरी येईल.

तिसऱ्या रविवारी अण्णांनी साक्ष दिली. उभं राहून म्हणाले, वचन खरं आहे, माझ्या घरात खरं झालंय. करुणाला त्यांनी पुढं बोलावलं. ती तोंडावर हात ठेवून हसली. बायांनी गाणं म्हटलं. बाहेर ऊन इतकं होतं की पत्रा तडतडत होता, आणि आत माणसं घामानं भिजून टाळ्या वाजवत होती. मी पण वाजवत होते.

त्यानंतरच्या गुरुवारी दुपारी करुणा पाणी आणायला गेली. शाळा सकाळची झाली होती. नळाला पाणी येत नव्हतं, म्हणून वस्तीतल्या बाया जवळच्या शेतातल्या हौदावरून आणायच्या. गुरांना पाणी पाजायचा हौद, गुडघ्याइतकं पाणी. दोन वावरं पलीकडं बाया कणसं मोडत होत्या. त्यांनी तिला जाताना पाहिलं. परत येताना कुणी पाहिलं नाही, आणि बराच वेळ ते कुणाच्या लक्षात आलं नाही. सापडली तेव्हा ती हौदात पालथी होती. घागर तिनं भरून काठावर ठेवली होती, नीट, सरळ, तोंडावर फडकं घालून. म्हणजे पाणी भरून झालं होतं. निघायचंच होतं.

आई भट्टीवर होती. अण्णा वाशीला मशीनवर. मी उस्मानाबादला, वर्गात पाठ घेण्याचा सराव करत होते. खडू हातात असतानाच निरोप आला.

एसटीच्या खिडकीतून सगळीकडं काढणी चालू दिसत होती. कुठं उभी ज्वारी, कुठं आडवी पडलेली, कुठं रिकामं वावर. मी एकेक वावर मागं जाताना बघत होते आणि मनात फक्त एक आकडा फिरत होता, पाकिटात किती गोळ्या उरल्या असतील.

काळी जमीन त्या दिवसांत भेगाळलेली असते, वरून दगडासारखी. कबर खणायला पहारी लागल्या. माती निघत नव्हती, ढेकळं निघत होती. ती खाली टाकताना पेटीवर आवाज होत होता. शेवटचं वाचन अण्णांनीच केलं. दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. आवाज एकदाही कापला नाही. वस्तीतले काही जण नंतर म्हणाले, केवढा विश्वास. काही जण हळू आवाजात म्हणाले, विश्वास कमी पडला असेल, नाहीतर असं कसं होईल. दुसरं बोलणं अण्णांच्या कानावर गेलं, आणि त्यांनी ते उचलून घेतलं.

तिसऱ्या दिवशी ओट्यावर बसून ते मला म्हणाले, "वचन खोटं न्हाय बाई. वचनात चूक न्हाय. माजा उपास खोटा पडला. म्या दुपारी दुकानात एकदा च्या पेलो होतो. कुणी दिला, न्हाय म्हणवंना. त्या गुरवारी न्हाय, आदल्या आटवड्यात. पर पेलो होतो."

एका कप चहाच्या बदल्यात देवानं लेक नेली असं ते मानत होते. आणि असं मानल्याशिवाय त्यांना दुसरी वाट नव्हती. ओळ खरी, मुलगी मेली, म्हणजे चूक मधल्या माणसाची. त्यांचा हिशोब चोख होता.

तेव्हापासून अण्णा बारा महिने एकदाच जेवायला लागले. गळ्याची हाडं वर आली, सदरे ढगळ झाले, ते त्यांनी स्वतःच आत शिवून घेतले. उपदेश चालूच ठेवला. वचन राखलं जातं यावर आधीपेक्षा जास्त बोलायला लागले, पण आता त्यात धार होती, आणि ती आतल्या बाजूला वळलेली होती. आईनं देवळात जाणं सोडलं. भांडली नाही, रडून सांगितलं नाही. रविवारी सकाळी पदर खोचून निघायची. "भट्टीवर काम हाय," म्हणायची. मी नोकरीला लागले, लग्न झालं, धाराशिवला खोली घेतली. घरी गेले की आम्ही तिघं ज्वारीबद्दल, पाण्याबद्दल, माझ्या शाळेबद्दल बोलायचो. करुणाचं नाव निघायचं नाही.

गेल्या वर्षी अण्णांच्या डोळ्यांत पडदा आला. जुन्या शास्त्राचं बारीक अक्षर दिसेना. मोठ्या अक्षराचं आण म्हणाले. धाराशिवच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारी पुस्तकं मांडतात, तिथून मी मोठ्या टायपातली, सोप्या भाषेतली नवी प्रत घेतली. वाशीच्या एसटीत बसल्यावर मांडीवर उघडली. मी दुसरं कुठलंही पान उघडू शकले असते. हात तिथंच गेला.

एकोणीस होती. वीस होती. त्यानंतर बावीस.

वाटलं, माझी नजर चुकली. पेपर तपासताना एखाद्या मुलानं प्रश्न गाळलेला असतो, आपण पान उलटून पुन्हा बघतो, तसं मी पुन्हा बघितलं. मग पानाच्या तळाशी बारीक अक्षरात टीप दिसली. काही प्रतींमध्ये इथं आणखी एक ओवी आढळते, पण सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ती नाही, असं तिथं साध्या शब्दांत लिहिलं होतं.

मी वाटेतच येरमाळ्याला उतरले. रस्त्याच्या कडेला उभी राहिले. परतीची एसटी आली तशी धाराशिवला परत गेले आणि ते पुस्तक कपाटात साड्यांखाली ठेवलं. अण्णांना सांगितलं, मोठ्या अक्षराचं मिळालं नाही.

नंतर आमच्या पाळकसाहेबांना, मंडळीच्या धर्मगुरूंना, विचारलं. तरुण माणूस, बाहेर शिकून आलेला. त्यांनी खुर्ची ओढून मला बसवलं आणि सावकाश समजावलं. छपाई येण्याआधी सगळं हातानं उतरवायचे. उतरवणारे माणसंच. कुणीतरी समासात शब्द लिहिला असेल, पुढच्याला वाटलं तो आतलाच, त्यानं आत घेतला. मग त्यावरून पुढच्या प्रती झाल्या. जुन्या प्रती सापडल्या तेव्हा ताडून पाहिल्या, आणि जास्तीचं काय ते कळलं.

"म्हणजे वचन राखलं गेलं नाही?" मी विचारलं.

"गेलं, ताई. मी ते पूर्ण मनानं मानतो," ते म्हणाले. "हरवलं काहीच नाही. उलट चिकटलेलं होतं ते शोधून बाजूला ठेवता आलं, इतक्या प्रती देवानं वाचवल्या. माझ्या मते राखणं म्हणतात ते हेच. कुणा एकाच्या हातात नाही, सगळ्यांच्या मिळून."

"आणि मधल्या काळात ज्यांनी ते चिकटलेलं खरं धरलं?"

त्यांनी कुणाबद्दल म्हणून विचारलं. मी करुणाचं सांगितलं. हौदापर्यंत सांगितलं. ऐकून झाल्यावर ते उठले. माझ्याबरोबर फाटकापर्यंत चालत आले, आणि उत्तर म्हणून एकही ओवी त्यांनी पुढं केली नाही. त्यांच्याबद्दलचा माझा आदर त्या दिवशी वाढला.

पुस्तक वर्षभर साड्यांखाली राहिलं. मला दोन्हीकडून भीती होती. सांगितलं तर त्यांच्या पाठीवरचं चहाच्या कपाचं ओझं उतरेल. त्यांचा उपास कमी पडला नव्हता, कारण उपासाची अटच नव्हती. पण मग दुसरं ओझं येईल. ज्या ओळीसाठी लेकीला उपाशी ठेवली ती ओळ कुणाच्या तरी हातातून घसरलेली होती. आणि ज्या विश्वासावर त्यांचे आजोबा उभे राहिले, की एक काना हलत नाही, त्याचं काय करायचं? सत्तरीच्या माणसाकडून ते काढून घेऊन मी त्याच्या हातात काय देणार होते? पाळकसाहेबांचं उत्तर खरं असेलही. पण ते उभं राहायला जागा असलेल्या माणसांचं उत्तर होतं.

यंदा ज्वारी लवकर निघाली. राखेच्या बुधवारनंतरच्या शनिवारी मी गावी गेले. अण्णा भिंतीला टेकून बसले होते, मांडीवर जुनं शास्त्र, बोट एका ओळीवर. ते वाचत नव्हते, दिसतच नव्हतं. पाठ आहे ते म्हणत होते आणि बोट अंदाजानं पुढं सरकवत होते. मला वाटलं, हा माणूस असाच जाईल. एका चहाच्या कपाखाली दबून. मी पिशवीतून पुस्तक काढलं.

रविवारी सकाळी मी ते त्यांच्यापुढं ठेवलं. पान मीच उघडून दिलं. आई चुलीपाशी भाकऱ्या करत होती. तिनं उपास कधीच सोडला होता.

"अण्णा, हे वाचा. वीस नंतर बघा."

मोठं अक्षर दिसल्यावर त्यांचा चेहरा फुलला. बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागले. वीस वाचली. पुढं पाठ होतं म्हणून एकविसावी तोंडानं म्हणूनही टाकली, आणि मग बोट थांबलं. पुन्हा मागं नेलं. पुन्हा पुढं आणलं.

"छापणाऱ्यानं गाळली."

"नाही अण्णा. खाली टीप आहे." मी ती वाचून दाखवली. मग पाळकसाहेबांनी सांगितलेलं सगळं सांगितलं, जमेल तितक्या सोप्या शब्दांत. हातानं उतरवणं, समासातला शब्द, जुन्या प्रती. त्यांनी मधे थांबवलं नाही. जुनं शास्त्र ओढून नव्याच्या शेजारी ठेवलं आणि दोन्ही पानांवर एकेक तळहात ठेवून बसले.

"हे कवा कळलं?" त्यांनी विचारलं.

"शिकलेल्या लोकांना पुष्कळ आधीपासून माहीत होतं."

"करुणाच्या आदीपासून?"

"हो."

"आन आपल्याला कुणी सांगितलं न्हाय."

पाकीट फळीवर जाड राहिलेलं मीही पाहिलं होतं, तेही मी त्या वेळी सांगून टाकलं. म्हटलं, मला कळत होतं अण्णा, आणि मी गप्प बसले. त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. ते पानाकडंच बघत होते.

वीस आणि बावीसच्या मधल्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, "ज्यानं लिवली आसंल, त्याच्या बी घरात असं लेकरू आसंल. त्याला वाटलं आसंल, कायतरी करता यावं."

चुलीपाशी भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता, ते तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. आई पिठाचे हात तसेच घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. अकरा वर्षांत देव, वचन, उपास यातला एक शब्दही तिनं तोंडातून काढला नव्हता.

"म्हंजी," ती म्हणाली, "पोरगी जेवली आसती तरी चाललं आसतं?"

अण्णांनी वर पाहिलं. कुठल्याही प्रश्नाला त्यांच्याकडं एखादी ओवी तयार असायची. आयुष्यभर असायची. मी त्यांचं तोंड उघडताना पाहिलं आणि मला वाटलं, आता ते काहीतरी म्हणतील, देवाची इच्छा म्हणतील, परीक्षा म्हणतील.

"व्हय," ते म्हणाले. "चाललं आसतं."

आई आत गेली. टोपल्यातली भाकरी काढली, वर पिठलं घातलं, ताट आणून त्यांच्यापुढं ठेवलं, दोन्ही पुस्तकं हातानं बाजूला सारून. सकाळचे आठ वाजले होते. बाहेरून कणसं मोडायला निघालेल्या बायांचा आवाज येत होता.

"मग जेवा," ती म्हणाली.

अण्णांनी तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग तुकडा मोडला. तो तोंडापर्यंत न्यायला त्यांना फार वेळ लागला. पहिला घास चावता चावता त्यांना हुंदका फुटला, आणि मग तो थांबेना. पण ते जेवत राहिले. आई समोर मांडी घालून बसली होती, हातावरचं पीठ वाळत होतं, आणि ताट पूर्ण रिकामं होईपर्यंत तिनं त्यांच्यावरची नजर काढली नाही.